दोन बोटं माती

माझ्यासाठी स्थळं बघत होते तेव्हा बाबा मुलाकडच्यांना जो पहिला प्रश्न विचारायचे, तो आमच्या नात्यात अजून हसून हसून सांगितला जातो. मुलगा काय करतो, घरात माणसं किती, हे सगळं नंतर. आधी विचारायचे, तुमच्या गावात मुरूम किती खाली लागतो? समोरचे लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे. बाबांचं तरी काय चुकलं म्हणा. शेती खात्यात जन्मभर त्यांनी मातीचीच नोकरी केली. शेतात खड्डा खणायचा, त्यात स्वतः उतरायचं, काळी किती, तिच्याखाली पिवळी किती, मुरूम कुठं लागला ते बघायचं आणि वर येऊन जमीन भारी, मध्यम की हलकी ते सांगायचं. खांद्यापर्यंत उतरूनही काळी संपली नाही की त्या दिवशी घरी येताना स्वारी खुशीत असायची. माझ्या नवऱ्याचं गाव निघालं बरडावरचं. वीतभर खणलं की कुदळ खणकन वाजते. लग्न झालं ते झालंच, पण जावयाला मागून 'हलकी जमीन' म्हणायचं काही बाबांनी आजतागायत सोडलेलं नाही.

माझं लहानपण बाबांच्या बदल्यांत गेलं. पांढरकवडा, उमरखेड, पुसद, परत पांढरकवडा. मैत्रिणींशी नीट भांडणं सुरू व्हावीत तोवर ट्रक दारात उभा. पांढरकवड्याला असताना शेजारच्या बाईंनी आईला तलावातला एक कंद आणून दिला. अक्रोडाएवढा, काळा, केसाळ. आईनं तो जर्मनच्या गंजात लावला. गंज म्हणजे आमच्याकडचं रुंद तोंडाचं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं. हा तिच्या लग्नातला होता आणि एका बाजूनं चेपला होता. तळाशी माती, वर पाणी, पाण्यावर चार-पाच गोल पानं आणि पावसाळ्यापासून थंडीपर्यंत अधूनमधून एखादं निळसर फूल. सकाळी उमलायचं, दुपारी मिटायचं. खरं तर ते कमळ नव्हे, कुमुदिनी. शाळेत शिकून आल्यावर मी आईला तसं सांगितलंही. ती म्हणाली, कुमुदिनी म्हटलं की वाटते कोणी मास्तरीण आली, राहू दे कमळच.

बदली झाली की सगळ्यात शेवटी तो गंज निघायचा. भांडी, गाद्या, बाबांची पुस्तकं ट्रकमध्ये चढली की आई गंजातलं अर्धं पाणी ओतून द्यायची आणि तो मांडीवर घेऊन ट्रकच्या केबिनमध्ये बसायची. मी खिडकीशी, आई मधे, आणि बाबा ड्रायव्हरच्या बाजूला अंग चोरून. गाडी सुरू झाली की आई ड्रायव्हरला सांगायची, "भाऊ, हळू चालवा. मांडीवर कमळ हाय." दरवेळी ड्रायव्हर वाकून बघायचा आणि दरवेळी बाबांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. साहेब माणूस, आणि बायको पातेलं घेऊन बसलेली. ते पुटपुटायचे, फेकून दे ते, नव्या गावात दुसरं मिळेल. आई ऐकू न आल्यासारखं करायची. त्या कलेत ती तरबेज होती.

गंजातल्या मातीवरून मात्र दोघांचं नेहमी वाजायचं. बाबांना ती माती बघवत नसे. एवढीशी माती, त्यात मूळ कुठं जाणार, एखाद्या भिकाऱ्यासारखं ठेवलं तू त्याला, असं काय काय बोलायचे. मग वचन द्यायचे, एकदा रिटायर होऊ दे, स्वतःच्या घरी टाकं बांधतो आणि याला चांगली खोल काळी जमीन देतो. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "द्या बापा, द्या. तवरक उचलायचा मलेच हाय ना?" ते टाकं आमच्या घरात इतक्या वर्षांपासून बांधून होतं की मला लहानपणी त्याचा आकारसुद्धा दिसायचा.

बाबा रिटायर झाले आणि पुसदला घर झालं. पण टाकं काही झालं नाही. आधी कंपाउंड राहिलं होतं, मग गच्ची गळायला लागली, मग बाबांचे गुडघे. मग आई आजारी पडली आणि बघता बघता गेलीच. ती गेली तेव्हा गंज मागच्या अंगणात होता आणि त्यात दोन पानं होती, हे मला नीट आठवतं, कारण लोक भेटायला येत होते आणि मी त्या पानांकडं बघत बसले होते.

बाबा माझ्याकडं यवतमाळला यायला तयार नव्हते. वर्षभर आले नाहीत. शेवटी एकदा चक्कर येऊन पडले तेव्हा गुमान आले. दोन बॅगा आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेला गंज. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. बँकेत नोकरी, मूलबाळ नाही, नवरा नागपूरला कामाला, शनिवारी येतो. गंज आम्ही गॅलरीत ठेवला. आमची गॅलरी पश्चिमेची, म्हणजे उन्हाळ्यात तिथं पापड ठेवला तर भाजून निघेल. पाणी तापायचं, पानं करपायची. त्यात डासांच्या दिवसांत घरोघर पाणी तपासत फिरणाऱ्या बाई आल्या आणि त्यांनी गंजातल्या अळ्या बोटानं दाखवल्या. सगळ्या बिल्डिंगसमोर. झालं, गंज रिकामा करावा लागला. तळाशी चाचपलं तर पूर्वीच्या चार-पाच कंदांपैकी एकच जिवंत होता. आईनं आयुष्यभर ज्यांना ज्यांना कंद वाटले होते त्यांना मी फोन करून पाहिले. कुणाचं तलावासकट आटलं होतं, कुणाचं डुकरांनी खाल्लं होतं, कुणी घर बदललं होतं. तो एक कंद बाथरूममधल्या मगात पाण्यात ठेवला आणि गंजात कांदे भरले. आईचं म्हणून जिवंत असं जगात तेवढंच उरलं होतं, आणि ते मगात बसलं होतं.

त्याच सुमाराला वरच्या मजल्यावरचे लोक घर सोडून गेले आणि जाताना माशांची काचेची पेटी मला देऊन गेले. मला एकदम सुचलं. पेटी हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीशी ठेवायची, तळाला माती घालायची, कंद लावायचा आणि अळ्या खायला गप्पी मासे सोडायचे. बाबांनाही पटलं. आमच्या घरात दोघांना एकदम काही पटलं असं क्वचितच होतं, त्यामुळं मी लगेच माशांच्या दुकानात जाऊन विचारून आले. दुकानदार म्हणाला, खाली माती दोन बोटं, तिच्यावर धुतलेली जाड रेती एक बोट, बस्स. जास्त घालू नका ताई, पाण्याखाली हवा पोचत नाही, माती सडते. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

बाबा हसले. हसले म्हणजे नुसतं नाकातून. "त्याच्या दुकानात प्लास्टिकचं झाड अन् प्लास्टिकचा शंख. तो मले माती शिकवन?"

मी म्हटलं, अहो, तो रोज हेच काम करतो. ते म्हणाले, मी काय रोज कीर्तन करत होतो का? झाड कुठलंही असो, मूळ खाली जातं, आणि जमीन जितकी खोल तितकं झाड निब्बर, हे त्यांनी जिल्हाभर उभं राहून सांगितलेलं. माझाही स्वभाव काही साखरेचा नाही, त्यांचीच मुलगी. आठवडाभर आमचं जेवताना, चहा पिताना, भाजी निवडताना एकच, दोन बोटं की एक वीत. नवरा शनिवारी आला आणि ताटावर बसून हळूच म्हणाला, अति तिथं माती. पुढचे दोन शनिवार बाबा त्याच्याशी फक्त मिठापुरतं बोलले. आणि तोवर कंद बिचारा मगात.

एके दिवशी मी बँकेतून आले तर घराला कुलूप. बाबा एसटीनं पुसदला गेले होते आणि अंधार पडायच्या आत पोतं घेऊन परतही आले. मागच्या अंगणातली काळी माती. टाकं जिथं बांधायचं ठरलं होतं तिथली. कंडक्टरनं पोत्यात काय आहे विचारलं, बाबांनी माती सांगितलं, तर तो थोड्या वेळानं परत विचारायला आला म्हणे. एवढ्या दगदगीवर मी काय बोलणार? बोलले, पण बाबांनी ऐकलं नाही. वर्तमानपत्र अंथरून त्यांनी ती माती चाळली, ढेकळं फोडली, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या काड्या वेचल्या आणि पेटीत भरली. वर हाताची वीत लावून बघितली आणि मूठभर अजून टाकली. मग गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसले आणि काचेतून त्या मातीकडं बाजूनं बघत राहिले. खड्ड्यात उतरल्यावर बघायचे तसं. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा मला असा दिसला. म्हणून मी वाद सोडला आणि कंद लावला.

पाणी पडलं तशी काळी फुगली. आमच्याकडची काळी ती, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाण्यात फुगते, तिला काच काय अन् शेत काय. वीतभराची माती बोटभर वर चढली आणि पाणी चहासारखं. मी विचारलं, आता माशांनी पोहायचं कुठं? बाबा म्हणाले, मासोळीला किती जागा लागते. पण खरं सांगते, दोन पानं आली. लालसर, चुरगळलेली, आणि चार दिवसांत काचेला टेकली. बाबांनी आपण होऊन जावयाला फोन लावला आणि हलक्या जमिनीला ही बातमी दिली.

मग बुडबुडे यायला लागले. मातीतून एकेक मोठा बुडबुडा निघायचा आणि वर येऊन फुटायचा. बाबा म्हणाले, जमीन श्वास घेते. काही दिवसांनी त्या श्वासाला वास यायला लागला. आधी मला वाटलं मोरी तुंबली. मग वाटलं फ्रीजमध्ये अंडं नासलं. मग कळलं. काचेतून माती निळसर काळी दिसत होती, गप्पी वर येऊन तोंडं उघडत होते, आणि पानं देठाशी पिवळी पडून एकेक सुटून तरंगायला लागली. मी उपसा म्हटलं. बाबा म्हणाले, थांब, जमीन बसायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटचं पान सुटलं त्या संध्याकाळी माझा तोल गेला. मी म्हटलं, "बाबा, आईचं एवढं एकच राहिलं आहे. ते तुमच्या जमिनीपायी घालवू नका."

बाबा उठून आत गेले. जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, पण मागं घ्यावं असंही त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, नवरा त्या आठवड्यात आला नव्हता. मी सकाळी उठून बाहेर आले तर बाबा बनियनवर, पेटीसमोर स्टुलावर, मगानं पाणी उपसून बादलीत ओतत होते. गप्पी आधीच दुसऱ्या बादलीत. मी नाकाला पदर लावून दुसरा मग घेतला. दोघांनी मिळून माती काढली. खालची माती अशी घाण मारत होती की शेजारच्यांनी दार वाजवून गॅस गळतो का विचारलं. कंद हाताला लागला तो गिळगिळीत. बाबांनी तो नळाखाली धरला, भाजीचा चाकू घेतला आणि सडकं कापत गेले. आपण आलं किंवा बटाटा सोलताना कीड लागलेलं कापत जातो ना, तसं. थोडं, अजून थोडं. मी म्हटलं, मी कापू का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. शेवटी सुपारीएवढा तुकडा उरला. पांढरा, टणक, आणि कडेला एक डोळा. मी वाटीत पाणी आणलं, त्यांनी तो त्यात अलगद सोडला.

आता पुढं काय, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. बाबाच उठले. स्वयंपाकघरात गेले, गंजातले कांदे ओट्यावर ओतले आणि गंज घेऊन खिडकीशी आले, आतली सालपटं तिथंच झटकली. उजेडात तिरका धरून आत बघायला लागले. मला वाटलं, त्यातच लावायचं म्हणतात. मग मलाही दिसलं. गंजाच्या आत, काठाच्या जरा खाली, खाऱ्या पाण्याची पांढरी रेघ होती, आणि तळाजवळ मातीची काळपट रेघ. इतक्या वर्षांत, इतक्या गावांत, इतक्या वेळा माती बदलली असेल, पण मातीची रेघ एकच होती. गंज घासून घासून झिजला तरी ती गेली नव्हती. बाबांनी तळाला बोटं आडवी टेकवली. एक, मग दुसरं. दुसऱ्याच्या वरच्या कडेला रेघ आली.

ते तसेच बोटं लावून बसले. ज्या माणसानं जिल्हाभराची जमीन मोजली त्यानं घरातली कधी मोजली नव्हती. बोटं न उचलताच ते म्हणाले, "तिनं खोल जमीन कधी मांगतलीच नाई. मीच देतो देतो म्हनत राह्यलो." आणि मग माझे बाबा, जे आई गेली तेव्हा लोकांसमोर एकदाही रडले नव्हते, ते कांद्यांच्या सालपटांत बसून रडले. मीही रडले. वास तर असा सुटला होता की कुणी बघितलं असतं तर त्याला कारण विचारावं लागलं नसतं.

पेटीत आम्ही दोन बोटं माती घातली आणि वर बोटभर धुतलेली रेती. बोटं कुणाची, यावर थोडा वाद झाला. बाबांची जाड, माझी बारीक. शेवटी गंजातल्या रेघेवरून माप घेतलं. डोळा फुटला, पान आलं, मग पानं आली, आणि पुढच्या पावसाळ्यात सकाळी सकाळी बाबांनी मला हाक मारून उठवलं ते फूल दाखवायला. दुकानदार बरोबर होता, हे मात्र त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. ते म्हणतात, तुझ्या आईचं बरोबर होतं.

यंदा माझी बदली झाली, उमरखेडला. मी हे बाबांना कसं सांगू या विचारात होते. या वयात परत घर हलवायचं. शेवटी सांगितलं तर ते म्हणाले, चला, बिऱ्हाड बांधायची सवय मोडली की नाही ते बघू. गप्पी वॉचमननं नेले, पेटी खालच्या मजल्यावरच्यांनी नेली. जायच्या आदल्या दिवशी बाबांनी गंज घासला, कंद काढले, आता तीन आहेत, आणि गंजात रेघेपर्यंत माती घालून लावले. वर पाणी. सामान टेम्पोनं पुढं गेलं. मी कार दारात आणली तर बाबा गंज घेऊन जिना उतरून आलेले. मी म्हटलं, अहो बाबा, मागच्या सीटवर ठेवा, मी दोन उशा लावते. ते पुढं बसले, गंज मांडीवर घेतला आणि दार लाव म्हणाले. पाण्यानं त्यांचं धोतर भिजत होतं.

आर्णी सोडल्यावर रस्ता मोकळा होता. मी जरा वेग घेतला. बाबांनी दोन्ही हातांनी गंज घट्ट धरला. ते समोर रस्त्याकडं बघत होते.

"हळू चालव," ते म्हणाले. "मांडीवर कमळ हाय."